पुढे असूनही पत्ते टाकावेत का?

वाचकाचे पत्र

महोदय,

सांगलीत आमची हळदीची अडत आहे. पत्त्यांची आवड मात्र धंद्याहून जुनी. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळतच आम्ही मोठे झालो. गेली तीन वर्षे मित्रांबरोबर वर्षातून दोन-तीनदा पणजीला जातो आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पोकरच्या टूर्नामेंटमध्ये बसतो. अजून एकदाही बक्षिसापर्यंत पोहोचलेलो नाही. तीन डाव डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहीत आहे.

पहिला डाव अगदी सुरुवातीचा. प्रत्येकाला 20,000 चिप्स मिळाल्या होत्या. माझ्याकडे बदामाची नव्वी आणि अठ्ठी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, बदामाचा राजा, बदामाची तिर्री आणि किलवरचा गुलाम. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, 1,500 चा. समोरच्याने 1,000 लावले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. टर्नवर, म्हणजे चौथा सामाईक पत्ता म्हणून, चौकटची दुर्री आली. त्याने 3,000 लावले. एवढे घातल्यावर सोडवेना, म्हणून पुन्हा कॉल केला. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, बदाम आला नाही.

दुसऱ्या टूर्नामेंटमध्ये ठरवून शांत बसलो, चांगल्या पत्त्यांची वाट पाहिली. वाट पाहता पाहता चारच बिग ब्लाइंड (पाळीने सक्तीने भरायच्या दोन रकमांतली मोठी) उरले. शेवटी एक्का-चौकीवर ऑल-इन केले, म्हणजे होत्या तेवढ्या चिप्स लावल्या, दोघांनी कॉल केला आणि खेळ संपला.

तिसरा डाव सर्वांत जिव्हारी लागलेला. 28 जणांतून आम्ही चौघे उरलो होतो आणि बक्षिसे तिघांनाच होती: 3,00,000, 1,80,000 आणि 1,20,000 रुपये. सर्वांत मोठ्या खेळाडूकडे 2,00,000 चिप्स, माझ्याकडे 1,60,000, उरलेल्या दोघांकडे 1,20,000 आणि 80,000. ब्लाइंड्स 4,000 आणि 8,000, शिवाय बिग ब्लाइंडवाल्याने भरायची 8,000 ची अँटी. मी बिग ब्लाइंडवर होतो आणि मोठा खेळाडू स्मॉल ब्लाइंडवर. दोघांनी पत्ते टाकले, त्याने ऑल-इन म्हटले. मी एक्का-राणी पाहून कॉल केला. दोन्ही पत्ते वेगळ्या रंगांचे होते. त्याने राजा-नव्वी दाखवली. म्हणजे मी पुढे होतो! फ्लॉपलाच राजा आला आणि मी चौथ्या क्रमांकावर, रिकाम्या हाताने उठलो. मित्र म्हणतात, कॉल बरोबर होता, नशीब खोटे. कधी लावायचे, कधी कॉल करायचा आणि कधी सोडायचे, हे कृपया समजावून सांगावे.

— एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार.

तुमच्या तिसऱ्या डावापासून सुरुवात करतो, कारण तो एक डाव नीट उलगडला की उरलेल्या दोन्हींचे उत्तर निम्मे तरी हाती येते. तुमच्या मित्रांचे मत मला मान्य नाही. तो कॉल चुकीचा होता. आणि तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल, पण त्या खेळाडूने ऑल-इन म्हणताना आपली राजा-नव्वी टेबलावर उघडी करून ठेवली असती, तरीही तुम्ही एक्का-राणी टाकून द्यायला हवी होती. एक्का-राणी राजा-नव्वीच्या पुढे आहे, यात वाद नाही. शंभरदा तोच डाव खेळला तर साठीच्या थोडे वरच तुम्ही जिंकाल. प्रश्न एवढाच आहे की त्या खुर्चीवर, त्या क्षणी साठ-बासष्ट टक्के पुरेसे होते का.

आधी केवळ चिप्सचा हिशेब मांडू. अँटी भरल्यावर तुमच्याकडे 1,52,000 चिप्स होत्या, त्यांतल्या 8,000 बिग ब्लाइंड म्हणून पुढे गेल्या होत्या. म्हणजे कॉल करण्यासाठी तुम्हाला 1,44,000 घालायच्या होत्या. पॉटमध्ये त्याच्या 1,52,000 (तुमच्याकडे होत्या तेवढ्याच मोजायच्या), तुमचा ब्लाइंड आणि अँटी मिळून 1,68,000 होत्या. 1,44,000 घालून एकूण 3,12,000 चा पॉट मिळणार असेल, तर निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे 46 टक्के वेळा जिंकलात तरी नुकसान नाही. रोख पैशांच्या खेळात हिशेब इथेच संपला असता आणि तुमचे मित्र बरोबर ठरले असते.

टूर्नामेंटमध्ये मात्र चिप्स काउंटरवर नेऊन मोडता येत नाहीत. सर्व 5,60,000 चिप्स जिंकणाऱ्यालाही सहा लाखांच्या एकूण बक्षिसांपैकी तीनच लाख मिळतात. उरलेला निम्मा पैसा इतरांना केवळ टिकून राहिल्याबद्दल वाटला जातो. त्यामुळे चिप्सची रुपयांतली किंमत वेगळी काढावी लागते आणि त्यासाठी इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणजेच खेळाडूंच्या तोंडी असलेले आयसीएम, ही पद्धत वापरतात. तिची कल्पना साधी आहे: पहिला येण्याची शक्यता ज्याच्या त्याच्या चिप्सच्या हिश्शाएवढी धरायची, मग पहिला कोण आला ते गृहीत धरून उरलेल्यांत दुसरा येण्याची शक्यता त्याच न्यायाने काढायची, मग तिसऱ्याची, आणि शेवटी प्रत्येक शक्यतेला त्या त्या बक्षिसाने गुणून बेरीज करायची. तुमच्या आकड्यांवर मी हे गणित करून पाहिले. तुम्ही पत्ते टाकले असते, तर तुमच्याजवळ 1,44,000 चिप्स राहिल्या असत्या आणि त्यांची किंमत सुमारे 1,59,000 रुपये झाली असती. कॉल करून जिंकला असतात, तर 3,12,000 चिप्स झाल्या असत्या आणि त्यांची किंमत सुमारे 2,35,000 रुपये. हरल्यावर काय मिळाले ते तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणजे तुम्ही शहात्तर हजार रुपये मिळवण्यासाठी एक लाख एकोणसाठ हजार पणाला लावले. हा सौदा बरोबरीत सुटायला साडेसदुसष्ट टक्के वेळा जिंकणे आवश्यक होते. आता त्याची राजा-नव्वी विसरून जाऊ आणि असे समजू की त्याने पत्ते पाहिलेच नाहीत, डोळे मिटून ऑल-इन म्हटले. कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध वेगळ्या रंगांची एक्का-राणी सुमारे 64 टक्के वेळा जिंकते. वेगळ्या रंगांचे एक्का-राजा 65 टक्के आणि एकाच रंगाचे एक्का-राजा 67 टक्के. तुम्हाला हवे असलेले साडेसदुसष्ट यांतल्या एकानेही भरत नाहीत. डोळे मिटून खेळणाऱ्याविरुद्धही तिथे कॉल करायला अठ्ठीची किंवा त्याहून मोठी जोडी लागते आणि पत्ते पाहून खेळणाऱ्याविरुद्ध त्याहूनही भक्कम काहीतरी.

त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत, त्याच एक्का-राणीवर 80,000 चिप्सवाल्या खेळाडूने स्मॉल ब्लाइंडवरून ऑल-इन म्हटले असते, तर मी तुम्हाला क्षणाचाही विचार न करता कॉल करायला सांगितले असते. तिथे हरलात तरी 72,000 चिप्स घेऊन तुम्ही खेळात राहता, जिंकलात तर तो बाहेर पडतो आणि उरलेल्या तिघांचे बक्षीस पक्के होते. हाही हिशेब मी मांडला. तिथे जेमतेम 50 टक्के पुरतात. पत्ते तेच, आणि समोरचा खेळाडू बदलताच लागणारी टक्केवारी पन्नासवरून साडेसदुसष्टवर जाते. म्हणून ‘एक्का-राणीवर कॉल करावा का’ या प्रश्नाला टूर्नामेंटमध्ये उत्तरच नसते. तुम्हाला खेळातून बाहेर काढू शकेल एवढा स्टॅक, म्हणजे चिप्सचा साठा, त्या टेबलावर एकाच माणसाकडे होता आणि नेमका त्याच्याशीच तुम्ही भिडलात. बाजूचे दोघे तेव्हा काय करत होते, ते आठवून पाहा. एकही चिप न लावता त्यांना किमान 1,20,000 रुपयांची हमी मिळाली. त्या रात्रीचा सर्वांत मोठा नफा त्यांनी हाताची घडी घालून कमावला.

आता त्या मोठ्या खेळाडूच्या बाजूने बघा. राजा-नव्वी हे काही मोठे पत्ते नव्हेत. तरीही त्याचा ऑल-इन योग्य होता, कारण चौथ्या क्रमांकावर बाहेर पडण्याची भीती तुम्हाला होती, त्याला नव्हती; तो हरला असता तरी त्याच्याकडे 48,000 चिप्स उरत होत्या. तुम्ही शहाणपणाने खेळला असतात, तर बहुतेक वेळा पत्ते टाकले असते आणि 16,000 चिप्स त्याला फुकट मिळाल्या असत्या. त्याच्याकडे जिंकण्याचे दोन मार्ग होते: एक तुम्ही सोडण्याचा आणि दुसरा पत्ते लागण्याचा. कॉल करणाऱ्या तुमच्याकडे दुसराच तेवढा होता. बेट (आपणहून चिप्स लावणे) आणि कॉल यांच्यातला हा फरक टूर्नामेंटचा गाभा आहे आणि तीन पत्ती खेळून आलेल्या माणसाला तो पटायला सर्वांत जड जातो, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः त्याच शाळेतून आलो आहे.

याचे कारण तीन पत्तीच्या रचनेत आहे. तिथे तुमची पाळी आली की एकतर चाल द्यायची, नाहीतर पॅक व्हायचे. चाल देणारा खेळात टिकण्याची किंमतही मोजतो आणि पुढच्यावर दबावही टाकतो. दोन्ही कामे एकाच कृतीत होतात. त्यामुळे ‘चिप्स पुढे सरकवणे’ म्हणजे आपण हल्ला करत आहोत, अशी भावना हाताला चिकटते. पोकरमधला कॉल दिसायला तसाच दिसतो, पण त्यात दबाव अजिबात नसतो. त्याने समोरचा कधीही पॅक होत नाही. शेवटचा कॉल तर तीन पत्तीतल्या ‘शो’चाच सख्खा भाऊ आहे: पैसे भरून समोरच्याचे पत्ते पाहण्याची परवानगी. ती परवानगी कधी कधी घ्यावीच लागते, परंतु कुतूहलापोटी घेतली तर फार महाग पडते. (‘ब्लाइंड’ या शब्दानेही असाच घोटाळा होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता केलेली मर्दुमकी, पोकरमध्ये ती निव्वळ पट्टी आहे, पाळी आली की भरायची.)

तुम्ही अडत्ये आहात, तेव्हा हे तुम्हाला सौद्याच्या भाषेत सांगतो. पहिली बोली देणारा भाव ठरवतो आणि कदाचित कोणी पुढे न आल्याने माल त्यालाच मिळतो. त्या बोलीवर चढणाऱ्याला मात्र समोरच्याने काहीतरी पाहूनच बोली दिली आहे, हे गृहीत धरावे लागते. अमेरिकी खेळाडू डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या अंतराला पोकरमध्ये ‘गॅप’ असे नावच दिले: एखाद्या जागेवरून ज्या पत्त्यांवर तुम्ही स्वतः पहिली बेट लावाल, त्याहून बरेच चांगले पत्ते दुसऱ्याची बेट कॉल करायला हवेत. चौघांच्या टेबलावर बटणवर (ब्लाइंड भरणाऱ्या दोघांच्या लगेच आधीच्या जागेवर) बसून एक्का-दश्शीवर रेझ करणे, म्हणजे रक्कम वाढवणे, योग्य असते आणि दुसऱ्याने आधीच ऑल-इन म्हटले असता त्याच एक्का-दश्शीवर कॉल करणे बहुधा अयोग्य. बक्षिसांच्या उंबरठ्यावर, ज्याला सगळे बबल म्हणतात, हे अंतर आणखी रुंद होते.

बेटच्या या दुहेरी ताकदीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लास वेगासचे आहे. 2003 सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य टूर्नामेंटमध्ये 839 खेळाडू उतरले होते आणि शेवटी दोघे उरले: व्यवसायाने अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फार्हा. एका डावात मनीमेकरकडे राजा-सत्ती होती आणि टेबलावर त्याला काहीच लागले नव्हते, ना रंग, ना सिक्वेन्स. रिव्हरवर त्याने ऑल-इन म्हटले. फार्हाकडे नव्वीची जोडी होती आणि टेबलावर तिच्याहून मोठा पत्ता नव्हता. त्याने बराच विचार केला आणि पत्ते टाकले. मनीमेकर पुढे ती स्पर्धा जिंकला. त्याला बेट लावण्याऐवजी कॉल करावा लागला असता, तर राजा-सत्ती हे त्या क्षणी टेबलावरचे सर्वांत निरुपयोगी पत्ते होते. फार्हाला लोक आजही त्या फोल्डबद्दल बोल लावतात. मला ते अन्यायाचे वाटते. पत्ते उघडे पाहून शहाणपण सांगणे कोणालाही जमते.

आता तुमचा बदामाचा डाव. फ्लॉपवर तुम्हाला रंग (एकाच रंगाचे पाच पत्ते) पूर्ण करायला एक बदाम हवा होता. न पाहिलेल्या 47 पत्त्यांत नऊ बदाम होते, म्हणजे टर्नवर बदाम येण्याची शक्यता सुमारे 19 टक्के. पुढचे दोन्ही पत्ते धरले तर ती 35 टक्के होते, पण हा मोठा आकडा तुम्हाला तेव्हाच वापरता येतो, जेव्हा टर्नवर आणखी पैसे भरावे लागणार नाहीत. पुष्कळ जण 35 मनात धरून कॉल करतात आणि 19 चा माल घरी आणतात. फ्लॉपवर 1,000 घालून 3,500 च्या पॉटमध्ये तुम्ही सहभागी झालात, म्हणजे सुमारे 29 टक्क्यांची गरज होती. 19 त्याहून कमी असले तरी हा कॉल मी क्षम्य मानतो, कारण खेळ सुरुवातीचा होता, दोघांच्याही पाठीशी भरपूर चिप्स असाव्यात आणि बदाम लागला असता तर पुढे आणखी मिळकतीची आशा होती.

टर्नवरचा कॉल मात्र क्षम्य नाही. 3,000 घालून 9,500 चा पॉट, म्हणजे सुमारे 32 टक्के हवेत, आणि 46 पत्त्यांत नऊ बदाम म्हणजे साडेएकोणीस टक्के. ही तूट भरून काढायला रिव्हरवर बदाम आल्यानंतर समोरच्याकडून दरवेळी सरासरी आणखी 5,800 चिप्स निघायला हव्या होत्या. टेबलावर तिसरा बदाम पडलेला पाहून तो एवढे देईल का? दिले असते तरी तुमच्या नव्वीच्या रंगावर त्याचा राणीचा किंवा एक्क्याचा रंग बसण्याचीही शक्यता होती. असे पत्ते असताना टर्नवर खेळायचेच असेल, तर समोरचा पत्ते टाकू शकतो अशी खात्री वाटल्यास रेझ करणे हा कॉलपेक्षा बरा पर्याय ठरतो, कारण मग पुन्हा दोन मार्ग खुले होतात. तो टाकणाऱ्यांतला नसेल, तर तुम्ही टाका.

तुमच्या पत्रातले ‘एवढे घातल्यावर सोडवेना’ हे शब्द मी दोनदा वाचले. पॉटमध्ये गेलेल्या चिप्स तुमच्या राहिलेल्या नसतात. त्या पॉटच्या असतात आणि पॉटचा आकार म्हणूनच हिशेबात येतात. तुमच्या वखारीत पडलेली हळद तुम्ही कोणत्या भावाने घेतली होती, हे आजच्या सौद्यात कोणी विचारत नाही आणि तुम्हीही तो भाव धरून बसत नसाल. मांडवीच्या पाण्यावर पाऊल ठेवल्याबरोबर हे शहाणपण गळून का पडते, हे कोडे मला माझ्याही बाबतीत सुटलेले नाही.

दुसऱ्या डावात तुम्ही उलट टोकाला गेलात. चिप्स वाचवणे म्हणजे पत्ते टाकत राहणे, असे तुम्ही धरून चाललात, पण टूर्नामेंटमध्ये बसून राहण्यालाही भाडे पडते. त्या भाड्याचे माप पोकर खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ‘एम’ म्हणून ओळखले जाते: स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड आणि अँटी यांची बेरीज करायची आणि आपल्या चिप्सना तिने भागायचे. किती फेऱ्या काही न खेळता तग धरता येईल, ते उत्तरात मिळते. अँटी बिग ब्लाइंडएवढी असेल, तर फेरीचा खर्च अडीच बिग ब्लाइंड होतो. चार बिग ब्लाइंड उरले म्हणजे तुमच्याकडे दीड फेरीच्या थोडे वर आयुष्य होते.

त्याहून वाईट गोष्ट अशी की तोपर्यंत तुमच्या ऑल-इनमधली धमकी संपलेली होती. चार बिग ब्लाइंडच्या ऑल-इनला कॉल करण्यासाठी बिग ब्लाइंडवाल्याला तीनच आणखी घालावे लागतात आणि साडेनऊच्या पॉटमध्ये वाटा मिळतो. त्याला 32 टक्केही पुरतात, म्हणजे जवळजवळ कोणतेही पत्ते चालतात. दहा बिग ब्लाइंड असताना हेच केले असते, तर त्याला नऊ घालावे लागले असते आणि सुमारे 42 टक्क्यांची गरज पडली असती. अशा वेळी पुष्कळ पत्ते टाकले जातात. तुमची बाजूही पाहा: दहा बिग ब्लाइंड घेऊन तुम्ही बटणवर आहात, आधीच्या सर्वांनी पत्ते टाकले आहेत आणि मध्ये अडीच बिग ब्लाइंड पडले आहेत. कॉल झाल्यावर तुम्ही 35 टक्केच जिंकणार असे धरले, तरी मागचे दोघे निम्म्या वेळा पत्ते टाकत असतील, तर तुमचे नुकसान होत नाही. प्रत्येक वेळी तसे घडले की स्टॅक पाव हिश्शाने वाढतो. म्हणून तिथे कोणतीही जोडी, कोणताही एक्का आणि राजा-दश्शीसारखे पत्ते ऑल-इनला पुरतात. तुमची ती एक्का-चौकीसुद्धा पुरली असती, फक्त सहा बिग ब्लाइंड आधी. या टप्प्यावर थोडे रेझ करून मग पुढच्याने दम दिला की सोडायचे, हा प्रकार टाळा. दहाच्या आसपास आलात की एकतर सगळे, नाहीतर काही नाही. 1982 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जॅक स्ट्राउस एकाच चिपवर आला आणि तरीही जिंकला, ही गोष्ट कोणीतरी तुम्हाला नक्की ऐकवेल. ती खरी आहे. पण ती सांगितली जाते, कारण तसे घडत नाही.

राहिला साधा बेटचा प्रश्न. बेट लावण्यापूर्वी स्वतःला विचारा, माझ्याहून हलके पत्ते यावर कॉल करतील का, किंवा माझ्याहून भारी पत्ते यावर टाकले जातील का. दोन्हींचे उत्तर नाही आले, तर चेक करा, म्हणजे काही न लावता पाळी पुढे द्या. बनाव (ब्लफ) करायचा असेल, तर 12,000 च्या पॉटमध्ये 6,000 ची बेट तीनांत एकदा साधली तरी बरोबरी होते, पूर्ण पॉटएवढी बेट दोनांत एकदा साधावी लागते. सुरुवातीच्या तासात, सर्वांकडे शंभर-शंभर बिग ब्लाइंड असताना आणि पुन्हा प्रवेश घेता येत असताना, कोणी सहजासहजी पत्ते टाकत नाही. तिथे बनाव कमी करा, चांगल्या पत्त्यांवर मोठे लावा.

सरावाविषयी थोडे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पोकरही आले. फुकट चिप्सवर खेळता येते, पण तिथे गमावण्यासारखे काही नसल्याने सगळेच सगळ्याला कॉल करतात आणि पत्ते टाकायला लावणारी बेट शिकायची सोयच राहत नाही. त्यापेक्षा घरी कागदावर चौघांचे स्टॅक आणि तीन बक्षिसे लिहा, आयसीएमचा कॅल्क्युलेटर उघडा, उत्तर आधी अंदाजाने लिहा आणि मग पडताळा. आठवडाभर रोज पाच डाव असे केलेत, तर कोणत्या खेळाडूशी भिडायचे आणि कोणाला वाट द्यायची, हे पणजीला पोहोचण्याआधीच डोळ्यांना दिसू लागेल.

पुढच्या खेपेनंतर अवश्य लिहा. या पत्रात पहिल्या दोन डावांत तुम्ही पत्ते कळवलेत, पहिल्यात तर रंगासकट, पण समोरच्याकडे किती चिप्स होत्या, तो कुठे बसला होता आणि बक्षिसे किती जणांना होती, यांतले काहीच लिहिले नाहीत. तिसऱ्या डावात ते लिहिलेत, म्हणूनच मला एवढे बोलता आले. पुढील पत्रात आधी सर्वांचे स्टॅक लिहा, मग बक्षिसे, मग जागा, आणि तुमचे पत्ते सर्वांत शेवटी.